व्याख्येत अडकलेला पक्ष

१९२३ साली नागपुरात एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. लेखकाच्या नावाच्या जागी फक्त ‘ए मराठा’ एवढेच होते, कारण लेखक कैदेत होता. ‘इसेन्शिअल्स ऑफ हिंदुत्व’ हे त्या पुस्तकाचे नाव आणि विनायक दामोदर सावरकर हा तो लेखक. चौदा वर्षांनी, १९३७ साली, सावरकर हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. महासभा १९१५पासून होती. पण तोपर्यंत ती काँग्रेसच्या आतबाहेर वावरणारी, तक्रारी मांडणारी सभा होती. सावरकरांनी तिला पक्ष केले आणि या पुस्तकातली व्याख्या तिच्या हाती दिली. पक्षाचा उदय आणि अस्त एरवी जागा मोजून सांगता येतो. महासभेचा सांगायचा, तर ती व्याख्या वाचावी लागते. या लेखात मी तेच करणार आहे, आणि अनुवादकाच्या सवयीने शब्दांपासून सुरुवात करणार आहे.

पहिली नजरेत भरणारी गोष्ट म्हणजे हे मूळ पुस्तक मराठीत नाही. मराठी वाचकाला ते नंतर अनुवादातून मिळाले. मराठीतून परकीय शब्द हुसकून लावण्याची मोहीम ज्याने चालवली, त्याने आपल्या राजकारणाचा पायाभूत ग्रंथ इंग्रजीत लिहावा, यात केवळ विसंगती शोधणे सोपे आहे आणि फारसे उपयोगाचे नाही. कारण सरळ आहे: ‘हिंदू कोण?’ हा प्रश्न ज्या शिकलेल्या वर्गाला विचारायचा होता, तो प्रांतोप्रांती इंग्रजी वाचत होता. लक्ष द्यायला हवे ते या इंग्रजीत अनुवादाविना ठेवलेल्या शब्दांकडे. राष्ट्र, जाति, संस्कृति ही तीन लक्षणे सावरकर संस्कृत शब्दांतच सांगतात. त्यांच्यावर ते दोन शब्द बसवतात: पितृभू आणि पुण्यभू. सिंधूपासून समुद्रापर्यंतची भूमी ज्याची पितृभू आहे आणि पुण्यभूही आहे, तो हिंदू. यातले पहिले लक्षण खोजा, बोहरा किंवा ख्रिस्ती शेजाऱ्यालाही लागू पडते, हे ते मान्य करतात. रक्त एक, पूर्वज एक, पुष्कळदा चालीरीतीही एक. पण त्यांची पुण्यभू अरबस्तानात किंवा पॅलेस्टाइनमध्ये आहे, म्हणून ते बाहेर. सारी व्याख्या या ‘पण’वर उभी आहे.

‘पितृभू’ हा शब्द मराठी कानाला तेव्हाही परिचयाचा नसणार. आपण भूमीला आई म्हणतो. स्वतः सावरकरांच्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलेल्या प्रसिद्ध कवितेतही भूमी आईच आहे. मग व्याख्येत ती बापाची का झाली? सावरकरांच्या वाचनात याचे उत्तर मिळते असे मला वाटते. लंडनमध्ये असताना त्यांनी मॅझिनीचे आत्मचरित्र मराठीत आणले. ते १९०७ साली छापले गेले. मॅझिनीची ‘पात्रिया’ पित्याच्या धातूपासून आलेली, पण व्याकरणाने स्त्रीलिंगी. इंग्रजीत तिची ‘फादरलँड’ होते, आणि तिथून संस्कृतात ‘पितृभू’. शब्द संस्कृत आहे, पण कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातून आलेली आहे. यात कमीपणा काहीच नाही. कल्पना अशाच प्रवास करतात आणि आम्ही अनुवादक त्याच प्रवासावर जगतो. पण ज्या विचाराने उगमावरून आपले आणि परके ठरवायचे, त्याच्या मुख्य शब्दाचा हा उगम ध्यानात ठेवायला हवा. आईला पुरावा लागत नाही. पितृत्व मात्र सिद्ध करावे लागते. व्याख्येला असाच शब्द हवा होता.

याच काळात, रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत, सावरकर दोन ‘शुद्धी’ चालवत होते. एक धर्मांतरितांना परत घेण्याची, दुसरी भाषेची. मराठी समीक्षेने या दोन शुद्धी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या आहेत. भाषाशुद्धी भाषाविषयक चर्चेत येते, बहुधा कौतुकाने; दुसरी राजकारणाच्या इतिहासात. कवी सावरकर तिसऱ्या कप्प्यात. पण नाम एकच आहे आणि कामही एकच आहे. शब्द असो वा माणूस, त्याला पहिला प्रश्न ‘तू इथे काय करतोस?’ असा नसतो. ‘तू कुठून आलास?’ असा असतो. तीनशे वर्षे मराठीत राबलेल्या ‘कायदा’ला, ‘वकिला’ला, ‘कागदा’ला वंशावळ विचारली जाते.

या शुद्धीची सर्वांत अवघड केस खुद्द ‘हिंदू’ या शब्दाची होती. तो शब्द आपल्याला फारसी वापरातून मिळाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणून १९२३च्या पुस्तकाची सुरुवातीची कितीतरी पाने सावरकरांनी या एका शब्दाला देशी जन्माचा दाखला देण्यात घालवली आहेत: सप्तसिंधू, अवेस्तातले ‘हप्तहिंदू’, प्राकृतातला स-ह बदल. माझ्या मते पुस्तकातला सर्वांत जिवंत भाग हाच. इथे एक माणूस शब्दावर मनापासून प्रेम करतो आहे, हे जाणवते. आणि इथेच हेही दिसते की फारसी उच्चाराचा संशय असलेला शब्द हवाहवासा असला, की त्याच्यासाठी युक्तिवाद सापडतो. ती सवलत ‘कागदा’ला मिळाली नाही.

भाषाशुद्धीचा निकाल काय लागला? जिथे जागा रिकामी होती तिथे शब्द रुजले. महापौर, दिनांक, चित्रपट, दिग्दर्शक हे शब्द सावरकरांच्या नावावर सांगितले जातात आणि आपण ते दररोज वापरतो. जिथे आधीच कुणी राहत होते तिथून मात्र कुणी हलले नाही. कायदा राहिला, वकील राहिला, शहर राहिले. सातबाऱ्यावर अजून जमीनच असते. माधव जूलियन यांची कथा याहून बोलकी आहे. फारसीचा हा अभ्यासक, फार्सी-मराठी कोशाचा कर्ता, मराठीत गझल आणणारा कवी. पुढे तोच भाषाशुद्धीचा कट्टर पुरस्कर्ता झाला आणि आपल्याच जुन्या कवितांतले फारसी शब्द काढू लागला. वाचकांनी मात्र त्यांच्या गझला जवळ ठेवल्या.

ही तुलना फार ताणू नये, हे मला कळते. शब्दाला हाकलले तर त्याला दुखत नाही. पण मराठी समाजाने भाषेत जे केले, तेच त्याने मतपेटीत केले की काय, हे पाहण्यासारखे आहे.

१९३७ ते १९४३ हा महासभेच्या भराचा काळ. १९३७च्या अहमदाबाद अधिवेशनात सावरकरांनी हिंदुस्थानात हिंदू आणि मुसलमान अशी दोन राष्ट्रे नांदतात असे अध्यक्षपदावरून सांगितले. १९३८ साली ते मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि साहित्यिकांना लेखणी टाकून बंदूक उचलायला सांगितले. व्यासपीठ साहित्याचे, मागणी साहित्य थांबवण्याची. आपल्या संमेलनांच्या इतिहासात याहून चमत्कारिक भाषण शोधावे लागेल. आंबेडकरांनी पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात नेमके बोट ठेवले: दोन राष्ट्रांच्या मुद्द्यावर सावरकर आणि जिना यांचे भांडण नाही, एकमतच आहे, वाद फक्त त्या दोन राष्ट्रांनी कोणत्या अटींवर राहायचे एवढ्याचाच. व्यवहारातही ते दिसले. काँग्रेसचे नेते तुरुंगात असताना सिंधमध्ये महासभेचे मंत्री लीगबरोबर मंत्रिमंडळात होते, आणि १९४३ साली तिथल्या विधिमंडळाने पाकिस्तानचा ठराव केल्यावरही ते मंत्रिपदावर राहिले.

आता मी जिथून लिहिते तिथला संबंध सांगते. जुनवानी हे एके काळचे गाव, आता भिलाईत मिसळून गेलेले. आमचा दुर्ग जिल्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता आणि १९५६पर्यंत राजधानी नागपूर होती. महासभेच्या मराठी नेतृत्वाचा मोठा भाग याच प्रांताने दिला. १९२७पासून काही वर्षे अध्यक्ष असलेले डॉ. बा. शि. मुंजे जन्मले बिलासपुरात. १९३१ साली रोममध्ये मुसोलिनीला भेटून, तिथल्या तरुणांच्या लष्करी संघटना पाहून ते परतले आणि नाशिकला त्यांनी भोसला मिलिटरी स्कूल काढले. दुसरे डॉ. ना. भा. खरे. १९३७ साली ते या प्रांताचे काँग्रेसी पंतप्रधान होते. मंत्रिमंडळात मराठी नागपूर आणि हिंदी महाकोशल अशी ओढाताण होती. १९३८च्या जुलैत त्यांनी राजीनामा देऊन महाकोशलच्या मंत्र्यांना वगळत नवे मंत्रिमंडळ बनवले. काँग्रेसश्रेष्ठींनी त्यांनाच उतरवले आणि रायपूरचे रविशंकर शुक्ल पंतप्रधान झाले. खरे पुढे अलवर संस्थानाचे दिवाण, आणि १९४९ नंतर महासभेचे अध्यक्ष.

खऱ्यांचा हा प्रवास मला पक्षाच्या प्रकृतीचा नमुना वाटतो. महासभेकडे लोक येत ते बहुधा दुसरीकडे दुखावले जाऊन: प्रांताच्या भांडणातून, काँग्रेसमधल्या अपमानातून, गेलेल्या संस्थानाच्या दुःखातून. पक्षाला नेते मिळत होते, सभागृहे भरत होती, अध्यक्षीय भाषणे छापली जात होती. तालुक्यात राबणारा माणूस मात्र नव्हता. तो नागपुरातच, मुंज्यांच्या मुशीतून निघालेल्या हेडगेवारांच्या संघाकडे होता, आणि संघ महासभेच्या सांगण्यावर चालायला तयार नव्हता. महाराष्ट्रात तर ब्राह्मणेतर चळवळीनंतर शेटजी-भटजींचा पक्ष म्हणून ओळखले जाणे हे निवडणुकीत महागात पडणारच होते. १९४५च्या केंद्रीय विधिमंडळाच्या निवडणुकीत महासभेला एकही जागा मिळाली नाही. म्हणजे गांधीहत्येने पक्ष बुडाला हे पूर्ण खरे नाही. मते त्याआधीच दुसरीकडे गेली होती. ३० जानेवारी १९४८ने राहिलेली अब्रू नेली. नथुराम गोडसे महासभेचा कार्यकर्ता होता, पुण्यात पक्षाच्या विचाराचे पत्र चालवत होता. सावरकर खटल्यात निर्दोष सुटले, पण पक्ष लोकांच्या मनात सुटला नाही.

त्यानंतरचा एक प्रसंग सहसा तळटीपेत जातो, तो मी मध्यभागी ठेवीन. श्यामाप्रसाद मुखर्जींनी १९४८ साली महासभेपुढे पर्याय ठेवला: एक तर राजकारण सोडून सामाजिक-सांस्कृतिक काम करा, नाही तर पक्षाचे दार सर्व नागरिकांना उघडा. पक्षाला यातले काहीच मानवले नाही. दार उघडले तर व्याख्या मोडते. आणि व्याख्या मोडली तर पक्षात दुसरे उरते काय? मुखर्जी बाहेर पडले. २१ ऑक्टोबर १९५१ला जनसंघ स्थापन झाला, ज्याचे सभासदत्व कागदोपत्री सर्वांना खुले होते. १९५२च्या लोकसभेत महासभेला चार जागा आणि एक टक्क्याहून कमी मते मिळाली, जनसंघाला तीन जागा पण तीन टक्क्यांवर मते. महासभेच्या त्या चार जागा कुठल्या? हुगळी, गोंडा, आणि जुन्या शिंदेशाहीतल्या गुना व ग्वाल्हेर. शेवटच्या दोन्ही जागा विष्णू घनश्याम देशपांडे यांनी एकट्याने जिंकल्या आणि एक सोडली. तिथून पोटनिवडणुकीत डॉ. खरे आले. सावरकरांच्या मुंबई राज्यातून एकही नाही. त्यानंतरचा उतार लांबलचक आहे आणि त्याचा तपशील कंटाळवाणा. गोरखपूरच्या मठाने पक्षाचे नाव काही काळ टिकवले. १९८९ साली महंत अवैद्यनाथ महासभेच्या तिकिटावर निवडून आले, आणि पुढच्या निवडणुकीला ते भाजपमध्ये होते.

व्याख्येने पक्ष उभा केला आणि व्याख्येनेच तो अडवला, असे मला म्हणायचे आहे. वारसदारांनी तोच आशय ठेवला, फक्त तो घटनेत लिहिला नाही. जे लिहून ठेवले त्यावर वाद घालता येतो. जे गृहीत धरले त्यावर घालता येत नाही.

पक्ष आटला तेव्हा सावरकरांच्या गद्याचे काय झाले, हे १९६३च्या ‘भारतीय इतिहासातील सहा सोनेरी पाने’मध्ये दिसते. हे पुस्तक मराठीत आहे. १९२३च्या इंग्रजीत व्हिक्टोरियन वक्तृत्वाची चढण आहे, नद्या-तीर्थांच्या नावांची उधळण आहे. परक्याला बाहेर ठेवतानाही लेखक आपल्या माणसांना आत बोलावत असतो. चाळीस वर्षांनंतरच्या पुस्तकात बोलावणे संपले आहे, हिशेब उरला आहे. ‘सद्गुणविकृती’ हा त्यातला कळीचा शब्द. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला शिवाजी महाराजांनी सन्मानाने परत पाठवले, वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या पत्नीला चिमाजी अप्पांनी परत पाठवले. मराठी मुले ज्या गोष्टींवर वाढतात त्या या. सावरकर त्यांचीच गणना चुकीत करतात. शत्रूने आपल्या स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांचा बदला शत्रूच्या स्त्रियांवर घेतला नाही, हा त्यांच्या मते सद्गुणाचा विकार.

या पानांसमोर मराठी समीक्षक अनेकदा वाक्य आटोपते घेतात, किंवा ‘त्या काळाच्या संदर्भात’ म्हणून पुढे सरकतात. पण १९६३ हा काळ काही दूरचा नाही. संविधान लागू होऊन तेरा वर्षे झाली होती. आणि ही पाने विचाराबाहेरची भरकटही नाहीत. ज्या व्याख्येत माणसाचे मोल तो कोणत्या गोटात जन्मला यावर ठरते, तिथे पकडलेली स्त्रीही केवळ गोटाची खूणच राहते. ज्या शिवाजीच्या नावाने मराठी माणूस कुठल्याही सभेत उठून उभा राहतो, त्याच्या सर्वांत प्रिय गोष्टीशी या गद्याला भांडावे लागले. आपल्याच भाषेच्या स्मृतीशी असे वैर घेणारा पक्ष त्या भाषेत एकटा पडला, याचे आश्चर्य वाटू नये.

सावरकरांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. व्याख्येने त्यांना आत एक काम करायला लावले: रत्नागिरीत त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध मोहीम चालवली, १९३१ साली सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर उघडले. ते काम खरे होते. पण त्याच व्याख्येची मर्यादा १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात उघडी पडली. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म घेतला, देव नाकारण्याच्या प्रतिज्ञा घेतल्या. सावरकरांचे म्हणणे, बौद्धांची पुण्यभू इथलीच, तेव्हा ते हिंदुत्वाच्या कक्षेतच राहिले. खोज्याला आत राहायचे असले तरी तो बाहेर. बौद्धाला बाहेर जायचे असले तरी तो आत. दोघांनाही कुणी विचारलेले नाही.

इथे भिलाईत ‘पितृभू’ हा शब्द मी अनुवादायला घेते तेव्हा तो हातात ठरत नाही. छत्तीसगढीत महतारी आहे, भुइयाँ आहे, पुरखा आहेत, पितृभू नाही. ‘पुरखा मन के भुइयाँ’ असे म्हणावे, तर पुढचा प्रश्न येतो: कुणाच्या पुरखांची? १९५५च्या सोव्हिएत करारानंतर पोलाद कारखाना उभा राहिला तो केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, ओडिशा, विदर्भ इथून आलेल्या माणसांच्या आणि जमीन गेलेल्या छत्तीसगढी गावांच्या जोरावर. सेक्टरांतल्या घरांत पुरखांची भूमी म्हणजे सुट्टीत रेल्वेने जायचे ठिकाण. ज्यांच्या पुरखांची भूमी खरोखर हीच होती, त्यांना कारखान्याच्या मोबदल्यात काय मिळाले हा वेगळा प्रश्न, आणि व्याख्येत त्यालाही जागा नाही.

शेवटी मूळ शब्दाकडे. डिसेंबर १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक खटल्यांच्या निकालात ‘हिंदुत्व’ म्हणजे जीवनपद्धती, असा अर्थ ग्राह्य धरला. त्यातला एक खटला १९८७च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीचा, म्हणजे मुंबईचाच. अनुवादक म्हणून मला हा निकाल एका शब्दाचे भाषांतर म्हणून वाचावासा वाटतो, आणि ते भाषांतर सैल आहे. सावरकरांनी आपला शब्द ‘हिंदू धर्म’ आणि ‘हिंदू चालीरीती’ यांच्यापासून मुद्दाम वेगळा काढला होता. भूमी, रक्त आणि श्रद्धास्थान यांची कडक परीक्षा त्यात घातली होती. तो पक्ष विझल्यावर शब्दाच्या अंगावरची परीक्षा दिसेनाशी झाली आणि तो गुळगुळीत होऊन बाजारात आला. आज मराठीत तो वापरणाऱ्या बहुतेकांनी ते पुस्तक उघडलेले नसते.

या अंकाच्या इतर विभागांत तो शब्द तमिळ, बांग्ला, उर्दूत जसाच्या तसा येईल. येऊ द्यावा, त्याला प्रतिशब्द शोधू नये. पण त्याचे साल त्याच्याबरोबर असू द्यावे: १९२३, नागपूर, मूळ इंग्रजी. आणि त्याच्यामागचा तो ‘पण’ही.